इंजिन जाईल, पंक्चर राहील

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक गाडी लाँच होते. ग्रुपमध्ये चाळीसेक पोरं आहेत. निम्मी परंड्यात, काही पुण्यात, काही सोलापुरात, दोघं-तिघं आखातात. ईशाची नमाज झाली की पहिला व्हिडिओ पडतो. येतेय! दहा लाखांच्या आत! एका चार्जमध्ये पाचशे किलोमीटर! खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागते. कुणी हिशेब मांडतो, परंडा ते पुणे जाऊन परत यायचं, वाटेत कुठं थांबायचं नाही. कुणी रंग ठरवतो. कुणी विचारतो, बुकिंग कितीला? गेली चार-पाच वर्षं हे चाललंय. गाडीचं नाव बदलतं, व्हिडिओ बदलतो, वाट बघणारे तेच.

मीही याच ग्रुपमध्ये आहे. असे व्हिडिओ मीही पुढे ढकललेत. त्यामुळे हे कुठल्या उंच जागेवरून सांगत नाही. पण आता या वाट बघण्याचा मला राग यायला लागलाय, आणि तो का, हे लिहून काढायचं ठरवलं.

बार्शी रोडला आमचं गॅरेज आहे. अब्बा डिझेल पंप, नोझल आणि इंजिनाचं काम करतात. तेराव्या वर्षी ते बार्शीतल्या एका उस्तादांच्या हाताखाली पाने द्यायला लागले, तिथून आजवर हात काळेच आहेत. आमच्या शेजारी एक चाचा रेडिएटर आणि सायलेन्सरचं काम करतात. पलीकडे डेंटिंग-पेंटिंग. कोपऱ्यावर टायर-पंक्चर. चारही दुकानं आपल्याच माणसांची. परंडा सोडा, भूम घ्या, करमाळा घ्या, बार्शी घ्या, एसटी स्टँडपासून मुख्य रस्ता धरून चालत जा, हेच दिसेल. मोटार वाहनांची विक्री-दुरुस्ती हा मुस्लिम कामगारांचा वाटा जास्त असलेल्या धंद्यांपैकी एक आहे, हे सच्चर समितीनंही २००६ च्या अहवालात नोंदवलंय. आमच्या ग्रुपमधल्या कितीतरी घरांत चूल याच धंद्यावर पेटते. आणि ज्या गाडीला आपण रोज रात्री माशाअल्लाह म्हणतोय, तिला इंजिनच नाही.

गैरसमज नको. माझं भांडण गाडीशी नाही. डिझेलच्या नोझलसमोर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा खोकला मी रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकतो. धुराची बाजू घ्यायची मला हौस नाही. गाडी यावी, लवकर यावी. माझं भांडण आपण तिची वाट ज्या पद्धतीनं बघतोय त्याच्याशी आहे.

आधी त्या दहा लाख आणि पाचशे किलोमीटरचं बघू. पुण्याच्या वायवे मोबिलिटीची ईवा ही छोटी गाडी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आली तेव्हा ग्रुपवर ईद होती. सव्वातीन लाखांत अडीचशे किलोमीटर! नीट वाचलं तर सव्वातीन लाख ही सगळ्यात लहान, ९ युनिटच्या बॅटरीवाल्या मॉडेलची किंमत. तिची रेंज १२५ किलोमीटर सांगितलेली. आणि त्या किमतीत बॅटरी धरलेलीच नाही, ती भाड्यानं. अडीचशे किलोमीटरवालं मॉडेल बॅटरीसकट जवळपास सहा लाखांचं. गाडीत दोन मोठी माणसं आणि एक मूल बसतं. महिंद्राची बीई ६ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, आपल्या चाकणला बनते. व्हिडिओत आकडे होते १८ लाख ९० हजार आणि ६८० किलोमीटर. पहिला आकडा लहान बॅटरीचा, दुसरा मोठ्या बॅटरीचा, आणि मोठ्या बॅटरीची गाडी तेव्हा सव्वीस लाखांच्या पुढं होती. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९ लाख ९९ हजारांना आली, तीही बॅटरी सोडून. बॅटरीचं भाडं तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. बॅटरीसकट तीच गाडी तेव्हा साडेतेरा लाखांची होती. म्हणजे वाचलेले साडेतीन लाख एक लाख किलोमीटरमध्ये भाड्यातून गेले, त्यापुढचं भाडं वर.

यात कंपन्यांनी लपवलेलं काही नाही, सगळं छापलेलं आहे. आपणच एका मॉडेलची किंमत आणि दुसऱ्या मॉडेलची रेंज एकत्र करून स्वप्नातली तिसरीच गाडी बनवतो आणि तिची वाट बघतो. ती गाडी येणार नाही, कारण ती कुठल्याच कारखान्यात बनत नाही.

आता पुढचा हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. लहान इलेक्ट्रिक गाडी शंभर किलोमीटरला, चार्जिंगमधलं नुकसान धरून, १४ युनिट खाते समजा. युनिट दहा रुपये धरा. झाले १४० रुपये. पेट्रोलची तशीच गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर शंभर किलोमीटरला साधारण ५८० रुपये. फरक ४४० रुपयांचा. दोन्ही गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचं अंतर असलं, तर ते भरून निघायला ६८ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या घराला अकरा वर्षं. महिन्यातले पंचवीस दिवस, रोज दीडशे किलोमीटर भाडं मारणाऱ्या माणसाला फक्त दीड वर्ष.

म्हणजे स्वस्त आणि लांब पल्ल्याची इलेक्ट्रिक गाडी खरी कुणाची? लग्नाला आणि उरसाला गाडी बाहेर काढणाऱ्याची नव्हे. ती काळीपिवळीवाल्याची आहे, पेशंट घेऊन सोलापूरला जाणाऱ्या ड्रायव्हरची आहे, रोज बाजारात माल टाकणाऱ्याची आहे. पण ग्रुपवर मी आजवर एकदाही असा प्रश्न बघितला नाही की, या गाडीवर धंदा कसा होईल? प्रश्न असतो सनरूफचा.

आणि नवी गाडी परंड्यात येते कशी, हेही आठवा. १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी दिल्लीत नॅनो दाखवली. एक लाखाची गाडी! तेव्हा मी लहान होतो, पण गॅरेजवरच्या गप्पा आठवतात. आता प्रत्येकाच्या दारात गाडी, स्कूटर बंद. बुकिंग दोन लाखांवर गेलं, सोडत काढावी लागली. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, नॅनो बनणंच थांबलं. आमच्या गॅरेजवर नॅनो आल्या त्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाच्या, पुण्यात कुणीतरी वापरून टाकलेल्या. आपल्याकडे गाडी अशीच येते. काही घरांना व्याजाचं कर्ज नको असतं. ज्यांना चालतं, त्यातल्या अनेकांना मिळत नाही. मुस्लिम वस्त्यांचे भाग काही बँका 'निगेटिव्ह झोन' म्हणून बाजूला ठेवतात, हेही सच्चर समितीनंच लिहिलंय. मग रोख पैसे जमवून जी परवडते ती जुनी गाडी आपण घेतो. इलेक्ट्रिक गाडीचंही हेच होणार.

इथंच मुद्द्याची तारीख येते. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. किंमत १३ लाख ९९ हजारांपासून, बॅटरी ३०.२ युनिटची, सांगितलेली रेंज ३१२ किलोमीटर. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. जानेवारी २०२८ पासून त्या पहिल्या गाड्या वॉरंटीच्या बाहेर पडायला लागतील. टियागो ईव्ही ग्राहकांच्या हातात पडायला लागली २०२३ च्या सुरुवातीला, म्हणजे तिच्यासाठी २०३१. वॉरंटी संपलेली गाडी पुण्यातला मालक विकतो. ती स्वस्त होते. आणि स्वस्त झालेली गाडी परंड्यात येते.

मित्रांनो, आपण ज्या परवडणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीची वाट बघतोय, ती हीच. ती शोरूममधून येणार नाही. ती आठ वर्षांची होऊन, थकलेल्या बॅटरीसकट, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपासून शंभर किलोमीटर लांब, आपल्या बार्शी रोडला येऊन उभी राहणार. तेव्हा ती कोण उघडणार?

गेल्या पावसाळ्यात याची झलक आम्हाला मिळाली. भूमच्या बाजूनं आलेल्या एका गृहस्थांची इलेक्ट्रिक गाडी आमच्या दारात बंद पडली. स्क्रीन काळी, दार रिमोटनं उघडेना. बोनेट उघडलं. आत नारिंगी रंगाच्या जाड वायरी. मी पुढं झालो तर अब्बा ओरडले, "हात नक्को लगा!" ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर आवाजावरून ओळखलेत, तो माणूस दोन्ही हात मागं बांधून गाडीभोवती फिरत होता. हेल्पलाइननं सांगितलं, बाहेर कुणाला हात लावू देऊ नका. दुसऱ्या दिवशी टोइंगची गाडी आली, शहरात घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला. बिघाड काय होता माहितीये? बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली होती. साध्या गाडीत असते तीच.

झालं असं की, मोठ्या बॅटरीचा पुरवठा चालू-बंद करणारे स्विच याच बारा व्होल्टवर चालतात. ती बॅटरी उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडते. अब्बांना हे माहीत असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. बारा व्होल्टच्या बॅटऱ्या त्यांनी हजारो बदलल्या असतील. त्या गृहस्थांचे तीन दिवस आणि टोइंगचे पैसे गेले, आमचं काम गेलं. ती गाडी अवघड नव्हती. आम्हाला ती माहीत नव्हती, एवढंच.

पण म्हणून अब्बांनी मला मागं ओढलं ते चूक होतं का? अजिबात नाही. नारिंगी वायरींत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी करंट असतो. आपल्या धंद्याची शाळा म्हणजे उस्ताद आणि शागिर्द. पोरगं बघतं, चुकतं, मार खातं, शिकतं. नोझल चुकीचा बसला तर गाडी धूर सोडेल, पुन्हा खोलता येतो. इथं चूक दुरुस्त करायला माणूस उरत नाही. आधी मेन कनेक्शन तोडायचं, आतला चार्ज उतरायला थांबायचं, मीटरनं व्होल्टेज शून्य आहे हे तपासायचं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, मगच हात लावायचा. हे यूट्यूबवर बघून करायचं काम नाही. हे रीतसर शिकावं लागतं, प्रमाणपत्रासकट. म्हणजे उस्तादाच्या हाताखाली धंदा शिकण्याची आपली जुनी वाट एकट्यानं आता पुरणार नाही. ही गोष्ट कडू आहे, पण गॅरेजवाल्या घरांनी ती आजच गिळलेली बरी.

आता आमच्या चार दुकानांचा हिशेब करा. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट, गिअरबॉक्स, टायमिंग बेल्ट, प्लग, पंप, नोझल, सायलेन्सर, सगळं जाणार. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण वेग कमी करताना मोटरच गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते. राहणार काय? सस्पेन्शन, एसी, वायरिंग, डेंटिंग-पेंटिंग. आणि टायर. बॅटरीमुळं गाडी जड असते, टायर उलट लवकर झिजतात. म्हणजे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं दुकान राहणार, अब्बांचं जाणार. इंजिन जाईल, पंक्चर राहील.

१४ एप्रिल २०२५ ला पंतप्रधान हिसारच्या सभेत म्हणाले होते की, वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांवर सायकलचं पंक्चर काढत बसायची वेळ आली नसती. त्या दिवशी आपला ग्रुप पेटला होता. पेटायलाच हवा होता. पंक्चर काढणं हे हलालीचं काम आहे, त्याच्यावरून कुणी कुणाच्या पोरांना हिणवायचं कारण नाही. पण राग दोन दिवसांत ओसरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सनरूफचा व्हिडिओ पडला. मला त्या तिसऱ्या दिवसाचा राग आहे. टोमणा मारणाऱ्याला मीमनं उत्तर देता येतं, पण टोमणा खरा होऊ न देण्याचं काम मीम करत नाही. आपण असेच बसलो तर पुढच्या दहा वर्षांत इंजिनाचा मिस्त्री, पंपाचा मिस्त्री, रेडिएटरवाला हे सगळे खाली घसरत त्या एकाच दुकानात येतील, आणि तेव्हा टोमण्याला उत्तर द्यायला आपल्याकडं काही नसेल.

काही वडीलधारे म्हणतात, आपल्या गावात हे चालणार नाही, डिझेल मरत नाही. चाचा, आदर ठेवून सांगतो, हेच स्टँडवरच्या एसटीडी बूथवाले म्हणत होते. डिझेल उद्या मरणार नाही. ट्रॅक्टर, ऊसतोडीचे ट्रक अजून बरीच वर्षं आहेत. पण धंदा मरायला गिऱ्हाईक शून्यावर यावं लागत नाही. पाचातलं एक गेलं तरी शागिर्दाचा पगार निघत नाही, आणि दुकान तिथूनच रिकामं व्हायला लागतं.

दुसरे म्हणतात, शिकून काय उपयोग, आपल्याला कोण देणार? या बोलण्यात खोटं काही नाही, म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. सरकारकडून मिळणाऱ्या वागणुकीतला फरक मोजायचा असेल तर दोन गोष्टी शेजारी ठेवा. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता. महिना उलटायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो लावणार नसल्याचं विधिमंडळात जाहीर केलं. तीस लाखांच्या गाडीवाल्याची तक्रार इतक्या वेगानं ऐकली गेली. आणि जुलै २०१४ मध्ये अध्यादेशानं दिलेलं मुस्लिमांचं पाच टक्के आरक्षण? त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतलं थांबवलं, पण शिक्षणातलं राहू दिलं. तरी अध्यादेशाचा कायदा केला गेला नाही, मुदत संपली, विषय संपला. ते टिकलं असतं तर आज आयटीआयच्या जागांवरही त्याचा उपयोग झाला असता. डॉ. महमूदुर रहमान समितीनं महाराष्ट्रातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अहवाल २०१३ मध्ये सरकारला दिला होता. त्याच्यावर बसलेली धूळ झटकायला कुणाला वेळ नाही.

एप्रिल २०२५ च्या राज्याच्या ईव्ही धोरणाचंही तसंच. २०३० पर्यंत १,९९३ कोटींची तरतूद. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी. तिन्हींपैकी एकही रस्ता परंडा तालुक्याला शिवत नाही. आपली खरी परवडणारी, लांब पल्ल्याची इलेक्ट्रिक गाडी म्हणजे एसटी. १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली 'शिवाई' धावली, १९४८ साली एसटीची पहिली गाडी धावली त्याच मार्गावर. पुढं २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्यानं घ्यायचं ठरलं. त्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी करार रद्द करायला सांगितलं. आपण कुणी त्यावर एक ओळ लिहिली? ज्या गाडीत आपली अम्मी अर्ध्या तिकिटात बसते, तिच्याबद्दल ग्रुपवर कधी व्हिडिओ पडत नाही.

म्हणजे भेदभाव आहे, दुर्लक्ष आहे, हे मी मान्यच करतो. पण 'कोण देणार' हे वाक्य आपण मागून झाल्यावर म्हणतो की मागायच्या आधीच? मी ग्रुपवर एकदा विचारलं, आपल्यापैकी किती जणांनी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन चौकशी केली की, 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा ट्रेड आहे का, नसेल तर का नाही? केंद्राच्या अभ्यासक्रमात हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावी पासवर मिळतो. उत्तर आलं नाही. कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला. आपल्यातल्या कितीतरी घरांकडं ओबीसीचा हक्क असून दाखला नाही. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन या जमातींना तो मिळावा म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं गावोगाव सभा घेतल्या. दाखल्याच्या कागदपत्रांसाठी तहसीलला चार खेटे घालायला आपल्याला कंटाळा येतो, गाडीचे फीचर्स मात्र तोंडपाठ.

सरकारला विचारायचे प्रश्नही ठरलेले हवेत. अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्याकडं आपली मागणी काय? माझ्या मते पहिली मागणी हीच असावी की, चालू गॅरेजमधल्या मिस्त्र्यांसाठी हाय-व्होल्टेज सुरक्षेचं आणि बॅटरी तपासणीचं लहान मुदतीचं प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी द्या. चाळिशीतला माणूस दुकान बंद ठेवून दोन वर्षं आयटीआयला जाणार नाही. मौलाना आझाद महामंडळाकडं दुसरी मागणी: स्कॅनर, इन्सुलेशन टेस्टर, हातमोजे, लिफ्ट यासाठी चार-पाच दुकानांना मिळून कर्ज द्या. एकट्याला परवडणार नाही असं सामान चौघांत परवडतं.

तिसरी मागणी कंपन्यांकडं, आणि तिला कायद्याचा आधार आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड केला होता. कारण काय? सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या, पण आयोगानं मान्य केलेलं तत्त्व आपलं आहे: गाडी ज्यानं विकत घेतली त्यानं ती कुणाकडं दुरुस्त करायची, हे कंपनीनं ठरवायचं नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांचा विचार तिच्याकडं दिला, त्यात मोटारी आहेत. पोर्टल झालं, कायदा झाला नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर अर्धी दुरुस्ती सॉफ्टवेअरची. स्कॅनरला गाडीनं उत्तरच दिलं नाही तर मिस्त्री कितीही शिकलेला असो, दारातच उभा राहणार. या कायद्यासाठी आवाज उठवायला आपल्यापेक्षा जास्त कारण देशात कुणाला आहे? आणि ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. बाजूच्या गल्लीतला वेल्डर, वाईंडिंगवाला, ट्रॅक्टरचा मिस्त्री, सगळ्यांची आहे. हातावर पोट असलेल्यांच्या मोठ्या लढाईत आपण पुढं असावं, नेहमी स्वतःपुरती फिर्याद घेऊन मागं उभं राहू नये.

एक गोष्ट घरातली. वायरिंग, मीटर, सर्किट, सेल तपासणं, सॉफ्टवेअर, हे सगळं टेबलावर बसून करायचं काम आहे. गॅरेज ही बायकांची जागा नाही, असं म्हणत आपण मुलींना या धंद्याच्या दारातही उभं केलं नाही. माझी धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे. फ्यूज आणि रिले यातला फरक तिनं मला समजावला, मी तिला नाही. दहावीत, बारावीत आपल्या मुली चांगल्या मार्कांनी पास होतात आणि मग आपण त्यांच्यासाठी स्थळ बघतो. निम्मं डोकं घरात बसवून ही शर्यत जिंकता येणार नाही.

परंड्याच्या किल्ल्यावर आपली पोरं रील काढतात. निजामशाही, मलिक अंबर, मागं तोफ, पुढं गॉगल. विजापूरची मुलूखमैदान तोफ एके काळी या आपल्या किल्ल्यावर होती, हे त्या रीलमध्ये अभिमानानं सांगतात. खरंच आहे. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली, परंड्यात आली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. पण तिच्यावरचा लेख कुणी नीट बघितला का? त्यात निजामशहाचं नाव आहे आणि ज्यानं ती ओतली त्या मुहम्मद बिन हुसेन रुमीचंही आहे. बादशहाच्या नावाशेजारी कारागिराचं नाव कोरलं गेलं, कारण त्या काळातलं सगळ्यात नवं तंत्र त्या माणसाच्या हातात होतं. अभिमान बाळगायचा तर त्या रुमीचा बाळगा. बुरुजावर बसून तोफेबरोबर फोटो काढणारा आणि शोरूमच्या काचेतून गाडीबरोबर फोटो काढणारा यांच्यात मला तरी फार फरक दिसत नाही.

मी काय करतोय, हे विचाराल. दर शुक्रवारी जुम्मानंतर आमच्या गॅरेजवर आम्ही सातजण बसतो. आमच्यात दोन हिंदू मित्र आहेत, एकाचं ई-स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे, तोच सध्या आमचा उस्ताद. आधी बारा व्होल्टपासून सुरुवात केली. नारिंगी वायरीला अजून कुणी हात लावलेला नाही, प्रशिक्षण झाल्याशिवाय लावायचा नाही, असं ठरलंय. आयटीआयला अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. अब्बा पहिले दोन शुक्रवार लांबून बघत होते. तिसऱ्या शुक्रवारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "ये मीटर उलटा लगाया तो क्या होता?"

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतील. तुमच्या घरात, गल्लीत जी पोरं-पोरी पास होतील, त्यांचा अर्ज भरून द्या. ट्रेडच्या यादीत काय आहे आणि काय नाही ते बघा, जे नाही त्यासाठी प्राचार्यांना लेखी विचारा, अर्जावर पोच घ्या आणि ती पोच ग्रुपवर टाका. सनरूफच्या व्हिडिओऐवजी ग्रुपवर अशा पन्नास पोच पडल्या, तर त्या दिवशी माझा पहिला माशाअल्लाह.